आष्टीहून आलेले एरर

दिवाळीच्या आसपास पवनारच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. खरं तर तो बाभळींचा नसतो. ट्रॉलीत शिगोशीग भरलेला कापूस वर्ध्याकडे निघतो, वळणावर ट्रॉली रस्त्याच्या कडेला घासून जाते आणि काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहतात. सकाळी फिरायला येणारे बाकीचे लोक ते बघून म्हणतात, यंदा हंगाम बरा दिसतो. मला मात्र त्या पुंजक्यांकडे बघितलं की एका बाईचा हेवा वाटायला लागतो. वीस वर्षं होऊन गेली, तरी दर हंगामाला वाटतो, आणि तो काही कमी होत नाही.

हेवा म्हणालो ते जरा सभ्यपणे. खरं नाव जळणं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मी कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे एक खोली, एक एसी, आणि त्या एसीच्या थंडगार हवेत शेठजींपेक्षा जास्त मानानं राहणारा सर्व्हर. उंची कपाटाएवढी. घरातल्या कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळ मोठा आणि मोठमोठ्या बँकांकडे असतात त्याहून लहान, असा मधल्या चणीचा. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. धूळ जाऊ नये हे कारण, पण लोक दाराशी आपसूक हात जोडत, आणि मला ते आवडे. देवळाच्या पुजाऱ्याला कसं वाटत असेल ते मला त्या नोकरीत कळलं. मिलमध्ये मला सगळे राऊतभाऊ म्हणत, आणि कुणाचं काही अडलं की "राऊतभाऊले विचारा" हे ठरलेलं होतं. दसऱ्याला चात्या, बॉयलर, वजनकाटा यांच्याबरोबर सर्व्हरलाही झेंडूची माळ आणि हळदकुंकू होई. कुंकू पंख्याच्या जाळीत जाऊ नये म्हणून मी आधीच पुढे चिकटपट्टी लावून ठेवायचो.

रुईच्या गाठीला नंबर देणं हे त्या सर्व्हरचं हंगामातलं मोठं काम. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईची दाबून गाठ बांधतात, आणि प्रत्येक गाठीला एक बिल्ला लागतो. बिल्ल्यावर नंबर नसेल तर गाठ मिलच्या फाटकातून आत येत नसे. आधी हे नंबर रजिस्टरवर चालत. त्या रजिस्टरची एक रीत होती. पहिल्या गाठीला नंबर देत नसत. मुहूर्तावर शेठजी स्वतः येत, पहिल्या ओळीत 'श्री' लिहीत, आणि गाठीच्या तागपट्टीवरही कुंकवानं 'श्री' काढत. नंबर एक दुसऱ्या गाठीपासून. कॉम्प्युटर आला तरी रीत गेली नाही. मुहूर्त साधून शेठजी नारळ फोडत आणि मी नंबराच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'श्री' टाइप करत असे. त्या रकान्यात अक्षरंही चालत. कधी काही बिघडलं नव्हतं, कारण पुढचे नंबर आम्ही हातानंच टाकत होतो.

त्या वर्षी आष्टीला नवं जिनिंग सुरू झालं. हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून आष्टी. सकाळची एसटी धरली तरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळून जायची. तेव्हा असं ठरलं की आष्टीच्या माणसानं तिथल्या साध्या कॉम्प्युटरवरून, टेलिफोनच्या तारेतून, आमच्या सर्व्हरवरचा प्रोग्रॅम चालवायचा. प्रोग्रॅम आष्टीचा शेवटचा नंबर बघणार, त्यात एक मिळवणार आणि नवा नंबर परत धाडणार. तो बिल्ल्यावर छापला की गाठ ट्रकमध्ये. कागदावर इतकं सोपं होतं की लोखंडे साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "आष्टीची लाइन जो चालवून दाखवंन, तो पुण्याले जाईन. सहा महिन्यांचं सिस्टीमचं ट्रेनिंग, एकच जागा हाये."

बोलताना ते माझ्याकडेच बघत होते. मी घरी जाऊन बायकोला स्वेटर काढून ठेवायला सांगितलं.

आष्टीच्या टोकाला कॉम्प्युटरवर निर्मलाताई ढोले होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. सासरचं घर भाजीवाल्यांचं. मळ्यात वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस पालाखाली. बाई बारावी झालेल्या, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या. सर्व्हर त्यांनी कधी बघितलाही नव्हता. मी त्यांना फोनवर पहिल्यांदा सगळं समजावलं तेव्हा पलीकडून नुसतं "हो भाऊ, हो भाऊ" येत होतं आणि मागे कुठेतरी जिनाची घरघर. मला वाटलं, झालं, आता सहा महिने हिला शिकवण्यात जाणार.

पहिला एरर चाचणीच्या पहिल्याच दिवशी आला. प्रोग्रॅम सापडत नाही. मी माझ्या टेबलावरून तोच प्रोग्रॅम चालवून बघितला, सुतासारखा चालला. आष्टीहून चालवला की सापडत नाही. मी जाडजूड निळ्या फायली काढल्या. दोन दिवस वाचत होतो. तिसऱ्या दिवशी फोनवर बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी चालवता त चालते, मी चालवतो त नाई. मंग प्रोग्रॅम तोच हाये, माणूस बदलला ना फक्त?"

"ते इतकं सोपं नसते, ताई."

"तुमाले जे कपाटं उघडाले भेटते, ते मले भेटून राह्यले का?"

कपाटं हा शब्द मीच त्यांना पहिल्या दिवशी दिला होता. सर्व्हरवर प्रोग्रॅम वेगवेगळ्या कपाटांत असतात, आणि कोणासाठी कोणती कपाटं उघडून बघायची याची यादी असते, असं. मी माझं नाव टाकून आत शिरलो की माझी यादी आपोआप लागायची. बाहेरून तारेनं आलेल्याला कोणी यादीच देत नव्हतं. अर्ध्या तासाचं काम निघालं. मी ते केलं आणि त्यांना सांगितलं, "मले वाटतच होतं." वाटत काहीही नव्हतं.

तिथून माझं जळणं सुरू झालं. मग ते आत आत मुरत गेलं. परवानगी नाही असा एरर आला, तोही त्यांनीच अर्धा ओळखला. वजनाचा आकडा भलताच जातो असा आला, तेव्हा "आपन किती घरं पाठोतो अन् तो किती घरं मोजते?" असं विचारून त्यांनी मला परत फायलीकडे धाडलं. आकड्याची लांबी दोन्हीकडे खरोखरच वेगळी लिहिली होती. इंग्रजी माझं बरं, फायली माझ्याकडे, एसी माझ्याकडे, दाराशी हात जोडणारी माणसं माझ्याकडे. आणि नेमका प्रश्न तिकडे, पत्र्याच्या खोलीत, रुईच्या धुळीत बसलेल्या बाईकडे. शेठजी एकदा विभागात डोकावले आणि मला म्हणाले, "आष्टीवाली बाई हुशार दिसते बा." मी हसलो. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

सगळ्यात जास्त राग मला त्यांच्या एका सवयीचा यायचा. माझ्या पडद्यावर काही आलं की मी त्यांना त्याचा अर्थ सांगायला लागायचो. त्या मध्येच थांबवायच्या.

"अर्थ नोका सांगू भाऊ. जसं लिवलं हाये तसंच वाचा."

आता इंग्रजी वाक्य मी वाचणार, आणि ते बाई देवनागरीत शंभर पानी वहीत उतरवून घेणार. स्पेलिंग विचारणार. पुढची ओळ आहे का विचारणार. त्या एररवर बटण दाबलं की आत आणखी बारीक अक्षरांत माहिती निघायची, तीही वाचायला लावणार. मला वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसा नाही. एकदा मी मुद्दाम एक ओळ गाळली. बाई म्हणाल्या, "मधात काई राह्यलं का भाऊ? हे जुळून नाई राह्यलं." मी ती ओळ वाचली. हे सांगायला मला आजही लाज वाटते. गाळल्याची वाटते तितकीच पकडलो गेल्याचीही.

आष्टीचा मुहूर्त आला. नवं जिनिंग म्हणून यंदाची पहिली गाठ तिथेच, असं शेठजींनी ठरवलं होतं. त्या भागातल्या शेतांमधून सीतादही होऊन, म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून, नवा कापूस आला होता. शेठजी मोटारीनं आष्टीला गेले. मी हिंगणघाटला सर्व्हरपाशी, कानाला फोन. पलीकडे नारळ फुटल्याचा आवाज आला, टाळ्या आल्या, आणि निर्मलाताई म्हणाल्या, "टाका भाऊ." मी डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं आष्टीच्या पहिल्या ओळीत 'श्री' टाइप केलं. मनातल्या मनात नमस्कार केला. मग दोन्हीकडे पेढे.

दुसऱ्या दिवशी आष्टीनं पहिला खरा नंबर मागितला आणि काहीच आलं नाही. एररही नाही. त्यांच्या पडद्यावर नुसता लुकलुकता ठिपका. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. तार तोडून जोडली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मोडेम दुसऱ्या टेबलावर ठेवला. बाकीच्या सगळ्या केंद्रांचं काम ठीक चाललेलं. मी सांगितलं, लाइन खराब आहे. एक दिवस गेला, दोन गेले. अंगणात गाठी चढत गेल्या, ट्रक उभे राहिले, तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि ताडपत्र्यांसाठी धावपळ सुरू झाली. लोखंडे साहेब दर तासाला खोलीत यायला लागले. चपला न काढता यायला लागले, त्यावरून मला काय ते कळलं. स्वेटर बॅगेच्या तळाशी होता, आणि पुणं हातचं जात होतं.

दुपारी निर्मलाताईंचा फोन आला. बाई दमलेल्या वाटत होत्या.

"भाऊ, लाइन खराब राह्यली असती त आपलं फोनवरचं बोलनं असं साफ आलं असतं का? मले वाटते तो चूप नाई. तो कोनाले तरी काई विचारून राह्यला असंन, अन् कोनी जवाब देऊन नाई राह्यलं."

तेव्हा कुठे मला आठवलं. सर्व्हरची एक खोड होती. प्रोग्रॅम अडला की तो जागच्या जागी थांबून विचारतो, सोडून देऊ, की पुन्हा करून बघू. ज्यानं चालवला त्याच्या समोर पडदा असेल तर प्रश्न त्याला दिसतो. तारेतून आलेल्याचा प्रश्न सर्व्हरवरच, निरोपांच्या रांगेत पडून राहतो. तिथे जाऊन बघायचं काम माझं. मी बघितलंच नव्हतं, कारण लाइन खराब आहे हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. रांग उघडली. तीन दिवसांत आष्टीनं जितक्यांदा नंबर मागितला तितके प्रोग्रॅम ओळीनं उभे होते आणि सगळे एकच प्रश्न विचारत होते.

"वाचा," निर्मलाताई म्हणाल्या. "जसं लिवलं हाये तसं."

मी वाचलं. डेसिमल डेटा एरर. आकडा पाहिजे तिथे आकडा नाही. बटण दाबून आतलीही ओळ वाचली. बाई वहीत उतरवत होत्या, पेन्सिलीचा आवाज मला ऐकू येत होता.

"नंबर देतानी तो मागच्या नंबरात एक मिळवते ना भाऊ?"

"हो."

"मंग आपला मागचा नंबर कोन्ता हाये?"

एसीत बसलेलो असून माझे कान तापले. पहिली गाठ मी टाइप केली होती. माझ्या हातानं, नमस्कार करून. प्रोग्रॅम तीन दिवस 'श्री'मध्ये एक मिळवायचा प्रयत्न करत होता.

मी म्हणालो, "पुसून टाकतो."

"पुसू नोका," त्या म्हणाल्या. "मुहूर्ताचं हाये, शेठजीले वाईट वाटंन. शेऱ्याचा रकाना खाली हाये ना? तिथं श्री ठेवा, अन् नंबराच्या जागी शून्य टाका. शून्यात एक मिळवला त एक."

मी शून्य टाकलं. पाच मिनिटांत आष्टीला एक नंबर गेला, मग दोन, मग तीन. फोन चालूच होता. पलीकडे कोणीतरी हमालांना हाक मारली, ट्रकचं इंजिन सुरू झालं, आणि निर्मलाताई हसत म्हणाल्या, "झालं बा भाऊ."

झालं ते पुढे. आमच्याकडे एक एरर रजिस्टर होतं. काय बिघडलं, का बिघडलं, कोणी शोधलं, असे तीन रकाने, आणि लोखंडे साहेब ते दर शनिवारी वाचायचे. मी पेन उघडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आष्टी केंद्राकडून चुकीची नोंद'. शोधणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आल्याचं आठवतं.

संक्रांतीनंतर केंद्रांवरच्या सगळ्यांना मिलमध्ये मीटिंगला बोलावलं होतं. निर्मलाताईंना तेव्हा मी पहिल्यांदा समोर पाहिलं. सावळ्या, किडकिडीत, हातात तिळगुळाचा डबा आणि ती वही. सर्व्हरसमोर त्या हात जोडून उभ्या राहिल्या नाहीत. मागे जाऊन तारा बघून आल्या. मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा त्या माझ्या टेबलाशी बसल्या होत्या, समोर रजिस्टर. उघडं होतं की मिटलेलं, हे मी बघायचं टाळलं. तिळगूळ घेतला. त्या म्हणाल्या, "गोड बोला भाऊ." सगळ्यांनाच म्हणत होत्या.

फेब्रुवारीत मी पुण्याला गेलो. तिथल्या वर्गात शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं की एररचा अर्थ लावायच्या आधी तो शब्दन् शब्द वाचा. पोरं उतरवून घ्यायला लागली. मी उतरवलं नाही. सहा महिने मी जे जे नवीन म्हणून शिकलो त्यातलं अर्धं मला आष्टीच्या फोनवर आधीच विचारून झालेलं होतं. वर्गात बाजूला बसलेला मुलगा पुढे आला तर मला त्याचं काही वाटत नसे. इतक्या लांबून, न दिसणाऱ्या बाईनं मात्र मला तिथेही सुखानं बसू दिलं नाही. मी सर्टिफिकेट घेऊन आलो, पगार वाढला, दारावर नावाची पाटी लागली.

आष्टीचे फोन चालूच राहिले. पुढचे तीन हंगाम, एरर त्यांचा असो की दुसऱ्या केंद्राचा, बाई मला विचारायच्या, "आज काय आलं भाऊ? वाचा ना." मी वाचायचो. आता ओळ गाळत नव्हतो. मनातून मला वाटायचं, बिचारीला रजिस्टरमधलं काही माहीत नाही. त्या वाटण्यानं जळणं थोडं थंड व्हायचं, आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला की पुन्हा पेटायचं.

यंदा दिवाळीआधी मिलनं तो सर्व्हर काढला. गाठींचं काम कधीच दुसऱ्या यंत्रांवर गेलं होतं, आष्टीचं केंद्रही बंद होऊन काही वर्षं झाली. चार हमालांनी चपला घालूनच तो बाहेर नेला. पंख्याच्या जाळीत इतक्या वर्षांचं कुंकू निघालं, म्हणजे माझ्या चिकटपट्टीचा काही उपयोग होत नव्हता. खोली रिकामी करताना कपाटात एरर रजिस्टर सापडलं. मी ते पिशवीत टाकलं, वर्ध्याला घरी आणलं. आठवडाभर ते तसंच पडून होतं. मग एक दिवस बाभळींचा कापूस बघून परत आलो, ती पिशवी उचलली, सरळ स्टँडवर गेलो आणि आष्टीची बस धरली.

बाजाराच्या तोंडाशी निर्मलाताईंचा कॉम्प्युटर क्लास आहे. आठ मशिनं, भिंतीशी बाकडं, दारात शेजारच्या दुकानाची मिरचीची पोती. केस पांढरे व्हायला लागलेत. मला बघून उठल्या, एका मुलीला चहा आणायला पाठवलं, घरचं विचारलं. फळीवर वह्या होत्या. सहा, एकासारख्या एक, शंभर पानी. मला कोणी सांगायची गरज नव्हती त्या कशाच्या आहेत.

मी रजिस्टर काढलं. "ताई, त्या मुहूर्ताच्या गाठीचं... तेव्हा साहेबांचा दबाव होता, अन् पुण्याचं—"

"अर्थ नोका सांगू भाऊ," त्या म्हणाल्या. "जसं लिवलं हाये तसंच वाचा."

मी वाचलं. कारण, आष्टी केंद्राकडून चुकीची नोंद. शोधून काढणारा, आणि माझं नाव. मागे मुलं कीबोर्डवर टकटक करत होती. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"संक्रांतीले वाचलं होतं मी हे," त्या म्हणाल्या.

"मंग तवाच बोलल्या काऊन नाई?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "राग त लय आला होता. घरी जाऊन दोन दिवस जेवली नाई. मंग इचार केला, बोलली त साहेब तुमाले रागावंन, अन् तुमी माहा फोन उचलनं बंद करान. मंग मले एरर कोन वाचून दाखवंन? माह्यापाशी ना सर्व्हर होता ना फायली. तुमी पुण्याले जा, नाई त कुठी जा. मले एरर पाहिजे होते."

एवढं बोलून त्या उठल्या. एका मशिनवर काहीतरी अडलं होतं. एक मुलगी सांगायला लागली की मॅडम, ते असं म्हणून राह्यलं की, आणि निर्मलाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं. ती मुलगी पडद्यावरचं अक्षर अन् अक्षर मोठ्यानं वाचू लागली. वाचता वाचताच तिला चूक सापडली आणि ती मध्येच थांबून हसली.

पुण्याची जागा मी त्या बाईकडून चोरली, असं इतकी वर्षं समजत होतो. त्यांना ती नकोच होती, जे पाहिजे होतं ते मी तीन वर्षं रोज फोनवर, माझ्याच तोंडानं त्यांना देत होतो. चहा निवून गेला. समोर सहा वह्या होत्या, माझ्या पिशवीत एक रजिस्टर, आणि मला त्या बाईचा इतका हेवा वाटला, जितका आधी कधी वाटला नव्हता.